एन्जिनएक्स टाकण्याआधी पोर्ट ८० मोकळा करा

जुन्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला वेबपानं पुरवणारा प्रोग्रॅम, टाकला, पण काही केल्या चालू होईना. लॉगमध्ये ९८ क्रमांकाची एरर: पत्ता आधीच वापरात आहे. 'एसएस' कमांड सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवून ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे वेबपानांसाठी ठरलेल्या नेटवर्कच्या दारावर, कोण बसलंय ते पाहिलं, तर अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर! कधीकाळी मीच टाकलेला, आणि साफ विसरलेला.

अपाचे थांबवला, एन्जिनएक्स सुरू झाला. मशीन रीस्टार्ट केल्यावर मात्र पुन्हा तेच रडगाणं. नुसतं 'स्टॉप' केलं की सर्व्हिस तेवढ्यापुरती थांबते. बूटला ती उठू नये म्हणून 'डिसेबल'सुद्धा करावं लागतं. ते केलं.

खरी गंमत पुढे. ब्राउझर उघडला तर समोर अपाचेचंच स्वागतपान! अर्धा तास डोकं खाजवलं. उबुंटूत दोघांचंही मूळ फोल्डर एकच, आणि अपाचेची जुनी इंडेक्स फाइल तिथे तशीच पडून होती. एन्जिनएक्स इमानेइतबारे तीच दाखवत होता. फाइलचं नाव बदललं, पान रिफ्रेश केलं, आणि एन्जिनएक्सचं पान आलं.

फायरवॉल चालू करताना मात्र एसएसएचला (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) आधी परवानगी दिली होती. रिमोट मशीनवर तेवढं विसरलात तर स्वतःच बाहेर अडकाल.