बाली-जावात ज्वालामुखी चढायचाय? आधी त्याचा रिपोर्ट वाचायला शिका

राजगड, हरिश्चंद्रगड करून झाले की हल्ली ट्रेकर मंडळींना इंडोनेशियातले ब्रोमो, इजेन, बातूर हे ज्वालामुखी खुणावायला लागतात. जा की, मस्तच आहे. फक्त एक, आपला सह्याद्री पण लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, तिकडचे डोंगर मात्र चालू आहेत, त्यामुळे नुसतं हवामान बघून निघू नका.

मॅग्मा इंडोनेशिया म्हणून सरकारी वेबसाईट आहे, तिथे प्रत्येक जागत्या ज्वालामुखीची लेव्हल दिसते. 1 नॉर्मल, 2 वास्पादा (सावध), 3 सियागा (सज्ज), 4 आवास (सगळ्यात जास्त धोका). नाव नीट बघा हं, मेरापी जावात आहे आणि मारापी सुमात्रात, दोन्ही वेगळे.

आता बहुतेक लोक इथेच गंडतात. चारातली दुसरी लेव्हल ना, मग चालतंय की! 3 डिसेंबर 2023 ला मारापी उडाला तेव्हा तो लेव्हल 2 वरच होता, क्रेटरपासून, म्हणजे डोंगराच्या तोंडापासून, 3 किमी लांब राहा असा सल्लाही होता, तरी सत्तरच्या वर लोक डोंगरावर होते आणि 20 पेक्षा जास्त मेले. जपानमध्ये ओंताके 2014 साली उडाला तेव्हा तर सगळ्यात खालची लेव्हल 1 होती, तिथे 63 जण मेले किंवा बेपत्ता झाले. ओंताकेला खालून मॅग्मा (वितळलेला खडक) वर आलाच नव्हता, जमिनीतलं पाणी तापून वाफेनं फुटलं, आणि अशा स्फोटाआधी मशीनवर फारसं काही दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं, आकडा बघा पण खरं वाचायचं ते खालचं ‘रेकोमेंडासी’, म्हणजे सूचना, फोनवर ट्रान्सलेट करून.

त्यात दोन गोष्टी शोधा, किती अंतर आणि कुठली दिशा. जावातल्या सेमेरू ज्वालामुखीच्या रिपोर्टमध्ये क्रेटरभोवतीचा नुसता गोल नसतो, आग्नेयेला बेसुक कोबोकान नदीच्या बाजूने 13 किमीपर्यंत जाऊ नका, त्याच्या पुढेही काठापासून 500 मीटर लांब राहा, असं लिहिलेलं असायचं. नदीच का? कारण शेकडो डिग्री तापलेला राख-दगड-वायूचा लोंढा जड असतो, तो दरी धरून ताशी 100 किमीच्या वर पळतो, आणि नंतर पावसात तीच राख चिखल होऊन त्याच नदीतून खाली येते, त्याला लाहार म्हणतात. 2010 ला मेरापीचा लोंढा गेंडोल नदीने 15 किमीच्या आसपास गेला, लोकांना हलवायची हद्द 10 वरून 15, मग 20 किमी करावी लागली. कोलंबियात 1985 ला आर्मेरो गाव ज्वालामुखीपासून नदीच्या वाटेने 70 किमीच्या पुढे होतं तरी लाहारने 20 हजारांवर माणसं गेली, धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, ही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. तर हॉटेल बुक करताना क्रेटरपासूनचं अंतर बघाच, पण जवळची नदी कुठून येते तेही मॅपवर बोटाने मागे मागे जाऊन बघा.

रिपोर्टमध्ये भूकंपांची मोजणी पण असते. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, दोन-तीन आठवडे बघा, उथळ भूकंप वाढत असतील तर प्लॅन बदला. अर्थात वाढले म्हणजे उद्याच फुटेल असंही नाही. बालीचा आगुंग 22 सप्टेंबर 2017 ला लेव्हल 4 वर गेला, लाखाच्या वर लोक घरं सोडून गेले, आणि उद्रेक सुरू झाला थेट 21 नोव्हेंबरला, तोवर लेव्हल परत 3 वर पण आणली होती. लोक वैतागणारच. त्यानंतर राखेमुळे बालीचं एअरपोर्ट बंद पडलं, सो इन्शुरन्स घेताना ज्वालामुखी कव्हर आहे का ते वाचा, आणि लेव्हल वाढायच्या आधी घ्या, नंतर घेतलेला बऱ्याचदा चालत नाही.

गाईड म्हणाला की रोज नेतो, काही होत नाही, तर पैसे सोडा पण बंदी असलेल्या भागात जाऊ नका.

राख पडायला लागली तर रुमालावर भागवू नका, एन-95 मास्क लावा, कारण ती राख म्हणजे काचेचा भुगा असतो (सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची असली राख पार आपल्या जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीला सापडलीये, ती किती जुनी यावर अजून वाद चालू आहे). कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा घाला. पक्क्या छताखाली थांबा, पत्र्याच्या शेडखाली नको, ओली राख भयंकर जड होते, 1991 ला फिलिपिन्समधला पिनातुबो उडाला त्या वेळी नेमकं वादळ आलं आणि भिजलेल्या राखेने छपरं कोसळूनच खूप लोक मेले. आणि गाडीच्या काचेवर राख असताना वायपर चालवू नका, काच खरवडून निघते.