अपघातात चूक कोणाची हे कसं ठरतं आणि क्लेमसाठी काय करायचं

अपघात झाला की रस्त्यावर जमलेली माणसं दोन मिनिटांत निकाल देऊन टाकतात, मोठ्या गाडीवाल्याचीच चूक. पण मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, असं चालत नाही, तिथे कागद बोलतात आणि ते कागद पहिल्या काही दिवसांतच तयार होतात. म्हणून जखमीला हॉस्पिटलमध्ये हलवलं की घरातल्या एकाने तरी पुढच्या कामाला लागायचं.

सगळ्यात आधी फोटो. गाड्या हलवायच्या आधी मिळाले तर उत्तमच, ब्रेकचे डाग, काचा कुठे पडल्यात, धडक गाडीच्या कुठल्या बाजूला बसलीय, दुभाजक, सिग्नल सगळं घ्या आणि समोरच्या गाडीचा नंबर तर हवाच. जवळपासच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर लगेच विचारा, बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं.

मग एफआयआर आणि स्पॉट पंचनामा. माझ्या मते सगळा क्लेम या पंचनाम्यावर उभा असतो आणि लोक नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. नकाशात गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला दाखवलीय, रस्त्याची रुंदी किती लिहिलीय हे वाचा, चुकीचं वाटलं तर तेव्हाच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता चूक कशी मोजतात. फौजदारी केससारखा शंभर टक्के पुरावा इथे लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते एवढं बघतात. चूक दोघांची निघाली तर टक्के पाडतात, म्हणजे भरपाई 10 लाख ठरली आणि 30 टक्के चूक तुमची, तर हातात 7 लाख. पण मागे बसलेल्याची यात काहीच चूक नसते, दोन गाड्यांच्या चुकीत तो जखमी झाला तर पूर्ण भरपाई तो समोरच्या गाडीकडूनही मागू शकतो. आणि हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होतो म्हणून क्लेम सोडून देऊ नका!! सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय की नुसता नियम मोडला म्हणून अपघातात तुमचाही वाटा होता असं धरता येत नाही, त्या गोष्टीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो.

चूक सिद्ध होणं अवघड दिसत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 164 आहे, त्यात चूक दाखवावीच लागत नाही, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण हे पैसे घेतले की कलम 166 चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा क्लेम संपतो, म्हणून कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे, मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार.

पैसे बहुतेक वेळा समोरच्याची थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, भरते. ड्रायव्हरकडे लायसन्स नसलं तरी कित्येक केसमध्ये कोर्ट विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं, त्यामुळे कंपनीचं "पॉलिसी लागू होत नाही" असं पत्र आलं तरी गप्प बसू नका.

166 चा अर्ज अपघातापासून 6 महिन्यांच्या आत टाका. अपघात नागपूरजवळ झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर साताऱ्यातही टाकता येतो. सोबत एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं, पगाराचा पुरावा आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडा.