गुरुवारी रात्री बारा वाजता: पुण्यात बसून स्कँडिनेव्हियाची नवी गाणी कशी गाठावीत

मी मुद्रितशोधक आहे. नारायण पेठेत एका प्रकाशकाकडे गेली बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करते. या कामात डोळे थकतात आणि कान रिकामे बसतात, म्हणून कानात गाणं. पण मराठी गाणं लावलं की त्यातले शब्द समोरच्या प्रुफातल्या शब्दांना धक्के मारतात. हिंदीचंही तेच. अशी शोधत शोधत मी नॉर्वे-डेन्मार्कपर्यंत पोचले. कळत नाही, म्हणून छळत नाही. त्यातले पुष्कळजण इंग्रजीतच गातात हे नंतर लक्षात आलं, पण तोवर सवय लागली होती. सासूबाई याला ‘पावसात बस चुकलेल्या माणसाचं गाणं’ म्हणतात. तेही खोटं नाही.

ऑफिसातली दोन पोरं आणि एक चित्रकार मला सारखं विचारतात, की हे सगळं तुम्हाला कळतं कुठून. त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवते.

सुरुवात अक्षरांपासून. हसू नका, निम्मी माणसं इथेच अडतात. नॉर्वेजियन आणि डॅनिशमध्ये रोमन ओच्या पोटातून तिरकी रेघ गेलेलं एक अक्षर आहे. ती रेघ म्हणजे नक्षी नव्हे. ओठ ‘ओ’ म्हणायला गोल करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचं, असा त्याचा उच्चार. फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर ओची कळ दाबून धरली की ते वर येतं. ‘किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स’ या नॉर्वेतल्या बर्गनच्या जोडीतल्या एर्लेंड ओयेचं आडनाव त्याच अक्षराने सुरू होतं. नॉर्वेजियनमध्ये त्याचा अर्थ डोळा. रेघ न देता नुसतं आडनाव शोधलंत, तर ‘ओये’ निघेल आणि पंजाबी लग्नाची गाणी वाजायला लागतील. माझ्याकडे वाजली आहेत, सकाळी साडेदहाला, स्पीकरवर. आणखी एक: ही खास अक्षरं त्यांच्या वर्णमालेत झेडच्याही नंतर येतात. लांबलचक यादीत एखादं नाव सापडलं नाही, तर शेवटचं पान बघा.

आता मुख्य गोष्ट. गायकाच्या मागे लागू नका, लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या मागे लागा. आपल्याकडे गवई नवा असला तर आपण काय विचारतो? कुठल्या घराण्याचा. छोट्या लेबलांचं तसंच आहे. ऑस्लोचं ‘रूने ग्रामोफोन’ घ्या. १९९८ मध्ये ‘सुपरसायलेंट’ या चौकडीच्या रेकॉर्डने ते सुरू झालं. त्यांची कव्हरं वर्षानुवर्षं किम योर्टॉय या एकाच चित्रकाराने केली, त्यामुळे लांबूनही ‘हे यांचंच’ असं ओळखू येतं. सुपरसायलेंटमध्ये कीबोर्ड वाजवणारा स्टोले स्टोर्लोक्केन. त्याचं नाव धरून पुढे गेलं की ‘एलिफंट नाइन’ हे त्रिकूट मिळतं, आणि तिथून २०१२ मध्ये त्याने ट्रॉनहाइमच्या ‘मोटरसायको’बरोबर केलेली मोठी रेकॉर्ड. एका वादकाच्या बोटाला धरून मी तीन बँडांत शिरले. तबल्यावर कोण आहे ते बघून मैफलीला जाणारे लोक पुण्यात कमी नाहीत. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

अशी चार-पाच घराणी पुरतात. स्टॉकहोमचं ‘लॅब्राडोर’ म्हणजे गोड, किंचित उदास गिटारपॉप; ‘द रेडिओ डिपार्टमेंट’ बरीच वर्षं त्यांचेच होते. ऑस्लोचं ‘स्मॉलटाउन सुपरसाउंड’ नाचायलाही लावतं आणि डोकंही उठवतं. आणि सध्या माझा जीव जडलाय तो कोपनहेगनच्या ‘एशो’वर. ॲस्ट्रिड सोन्ने ही व्हायोला वाजवणारी मुलगी, तिची २०२४ च्या जानेवारीतली रेकॉर्ड त्यांची. ‘स्मर्झ’ या दोघी नॉर्वेच्या, त्यांची २०२५ ची रेकॉर्डही त्यांचीच. कोपनहेगनमध्ये केवळ रॉक-पॉप-जाझसारखं संगीत शिकवणारी सरकारी संगीतशाळा आहे आणि या मंडळींतले बरेचजण तिथून बाहेर पडलेत. एकमेकांच्या रेकॉर्डवर वाजवतात, एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात. गुरुबंधू-गुरुभगिनी म्हणा ना.

हे प्रत्यक्ष करायचं असं. स्पॉटिफाय मुळात त्यांच्याच गावचं, २००६ मध्ये स्टॉकहोमला जन्मलेलं. त्याच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लेबल’ लिहा, लगेच अपूर्णविराम द्या (कोलन हो, दोन टिंबं), आणि मग अवतरणचिन्हांत लेबलचं नाव. मध्ये जागा सोडू नका. त्या लेबलचं सगळं समोर येतं. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर तर लेबलचं पान सरळ ‘फॉलो’ करता येतं. नवीन काही आलं की ईमेल येते. या ईमेलींना वेगळा फोल्डर करा, नाहीतर त्या वीजबिलाखाली गाडल्या जातात.

वार गुरुवार. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवी रेकॉर्ड शुक्रवारी येते, आणि स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा ज्या-त्या देशातल्या मध्यरात्रीला. आपण ऑस्लोच्या उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे. म्हणजे इथे गुरुवारी रात्री बाराला मी नवं गाणं लावते, तेव्हा ते गाणारी अजून संध्याकाळच्या साडेआठच्या उन्हात बसलेली असते. तिच्या गावाला मिळायच्या आधी ते नारायण पेठेत वाजतं. मला याचा बालिश आनंद होतो. फक्त गुरुवार हा पुण्यात देखभाल-दुरुस्तीचा दिवस, पाणी नाहीतर वीज काहीतरी गेलेलं असतं. राउटर रात्रीपर्यंत शुद्धीवर आला नाही तर मोबाइल डेटा शिल्लक हवा.

आवडलं तर विकत घ्या. छोट्या लेबलला स्ट्रीमिंगवर ऐकण्याचे मिळणारे पैसे म्हणजे चिल्लर. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ नावाचे काही शुक्रवार वर्षभरात जाहीर होतात, २० मार्च २०२० ला पहिला झाला. त्या दिवशी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं, एरवी गाण्याच्या फाइलींवर १५ टक्के घेतं. पण हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात. पुण्यात तो त्यांच्या उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. सकाळी उत्साहाने घेतलंत तर वाटा गेलाच म्हणून समजा. डबा खाऊन घ्या. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा. यूपीआय तिथे चालत नाही. काळी रेकॉर्ड मागवायची तर एप्रिल-मे सोडून. माझी एक मे महिन्यात आली, वाटेत कुठेतरी उन्हात पडून राहिलेली. पापडासारखी. सुई तिच्यावर डोंगर चढल्यासारखी चढते आणि उतरते. वर कस्टमचे पैसे भरले ते वेगळेच.

घड्याळावरून आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात, सगळे घरात कोंडलेले असताना, ऑस्लोतल्या एका छोट्या हॉलमधून कार्यक्रम थेट दाखवणार होते. वेळ लिहिली होती, ‘हाल्व नी’. ‘नी’ म्हणजे नऊ, ‘हाल्व’ म्हणजे अर्धा; मी सरळ साडेनऊ वाचलं, साडेतीन मिळवले, रात्रीचा एक आला. गजर लावून उठले, कॉफी केली, बरोबर एकला चालू केलं. पडद्यावर रिकामा मंच. जीन्स घातलेला एक माणूस केबल गुंडाळत होता. हात आणि कोपर यांच्यात नव्हे, हवेत एक वेढा सुलटा, एक उलटा असा, न बघता. शेवटचं टोक आलं, त्याला चिकटपट्टी मारली, मग दिवे गेले. ‘हाल्व नी’ म्हणजे नवाच्या अलीकडचा अर्धा, साडेआठ! आपण मागच्या तासाला ‘साडे’ लावतो, ते पुढच्या तासाकडे बघतात. कार्यक्रम बाराला सुरू होऊन एकच्या आत संपलेला, मी तेव्हा घोरत होते. स्वीडिश आणि डॅनिश लोकही असंच म्हणतात. फ्रिजवर चिठ्ठी लावा. तारखेचंही बघा: आधी दिवस, मग महिना, आपल्यासारखंच, पण पुष्कळदा नुसता आठवड्याचा क्रमांक देतात, ‘३३वा आठवडा’. आपल्या कॅलेंडरवर तिथी, नक्षत्र, राहुकाळ सगळं सापडेल, हा आकडा बहुधा नाही.

भाषा शिकायची गरज नाही, चार शब्द पुरतात. ‘स्लिप’ म्हणजे प्रकाशन, ‘स्लिपकॉन्सर्ट’ म्हणजे नव्या रेकॉर्डचा पहिला कार्यक्रम, आणि बघायचा तर हाच बघावा. सगळं ताजं असतं आणि गायकाची आई पहिल्या रांगेत असते. ‘उत्सोल्ग्ट’ नॉर्वेत, ‘स्लुत्सोल्त’ स्वीडनमध्ये, दोन्हींचा अर्थ तिकिटं संपली. ‘ग्राटिस’ कळतंच. स्वीडिशमध्ये मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांना ‘फॉरबांद’ म्हणतात. मी शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ मलमपट्टी. कधीकधी तोही बसतो.

नव्या नावांचा मोठा झरा म्हणजे उत्सवांची पोस्टरं. ती खालून वर वाचायची. वरची तीन नावं जगाला माहीत असतात. सगळ्यात खालच्या, भिंग लागेल अशा ओळीतलं एकेक नाव घ्या, प्रत्येकाची दोन गाणी ऐका. भिंगाची मला सवयच आहे. ऑगस्टमध्ये ऑस्लोचं ‘ओया’ (म्हणजे ‘बेट’; १९९९ मध्ये एका बेटावरच सुरू झालं, आता शहरातल्या बागेत भरतं) आणि गोथेनबर्गचं ‘वे आउट वेस्ट’, जिथे २०१२ पासून जेवण शाकाहारी. डेन्मार्कचं रोस्किल्डे १९७१ पासूनचं, अवाढव्य, ना-नफा तत्त्वावर चालणारं. पण आपल्या कामाचे उत्सव दोन छोटे. डेन्मार्कमधल्या आरहुसचा ‘स्पॉट’, आणि ऑस्लोचा ‘बीलार्म’, ज्यात शहरभरच्या क्लबांतून एकामागोमाग एक नवे बँड अर्धा-अर्धा तास वाजवतात. सवाईच्या मंडपात बसून पाचही दिवस ऐकणाऱ्याला हे जमणार नाही, इथे सारखं उठून पळावं लागतं.

जायचं असेल तर. माझा भाचा गोथेनबर्गला मोटारींच्या कामात आहे, पुण्याची निम्मी इंजिनिअर पोरं आहेत तिथे. एका ऑगस्टमध्ये मी गेले. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मावशी, गोथेनबर्ग नाही म्हणायचं गं, योतेबोर्य.” व्हिसा शेंगेन, म्हणजे एकात तिन्ही देश, जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, आणि ३० हजार युरोंचा प्रवासविमा. तिकीट कार्डाने घ्या. तिथले लोक ‘स्विश’ आणि ‘विप्स’ने पैसे देतात, आपल्या यूपीआयसारखं, पण त्याला त्यांची बँक लागते. वयाची अट वाचा. माझी काळजी नाही, पण बरोबर कॉलेजातलं पोर असेल तर काही ठिकाणी १८ नाही, २० लागतात.

योतेबोर्यला ‘पुस्टरविक’ नावाच्या हॉलमध्ये गेलो. दारात एका वाडग्यात पिवळे बोळे ठेवलेले. मला वाटलं गोळ्या, उचलून तोंडाकडे न्यायला लागले तर भाच्याने हात धरला. कानात घालायचे, फुकट. घाला. पंजाबी ड्रेसवर स्वेटर होता, तो कोट ठेवायच्या खोलीत देऊन बिल्ला घ्यावा लागला. लोक गाणं चालू असताना बोलत नाहीत, वाहवा करत नाहीत. मान हलवतात फक्त. एका जागेवर माझ्या तोंडून ‘क्या बात है’ निघून गेलं. पुढच्या मुलीने वळून बघितलं आणि हसली.

तिथून ऑस्लो रेल्वेने साधारण चार तास. नदीकाठी ‘ब्लो’ नावाचा क्लब आहे, तिथे रविवारी ‘फ्रँक झ्नॉर्ट क्वार्टेट’ वर्षानुवर्षं वाजवतंय. नाव क्वार्टेट, मंचावर मी मोजायला गेले आणि अकरावर सोडून दिलं.

आणि जायचंच नसेल तर मुंबईवर लक्ष ठेवा. २०२५ च्या मार्चमध्ये बर्गनजवळची ऑरोरा महालक्ष्मी रेसकोर्सवर गाऊन गेली. ती आता छोटी राहिली नाही, पण ती पुन्हा आली आणि कोणी तिकीट काढत असेल, तर मला आदल्या दिवशी कळवा. दादरहून पुण्याची रात्रीची गाडी, खिडकीची जागा आणि उशाला स्वेटर, एवढं मी बघते.