कोर्टाची बातमी वाचताना आधी टप्पा शोधा

आठवडाभर बातम्या वाचून रविवारी त्यांवर विचार करायचा, ही माझी जुनी सवय. सोमवार ते शनिवार मी कोर्टाच्या आणि कायद्याच्या बातम्यांची फक्त कात्रणं आणि स्क्रीनशॉट जमवते, मत बनवत नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात पक्षकार मोबाइल पुढं करून विचारतात, "मॅडम, बघा की, आता आपल्या केसचंबी असंच होणार न्हवं?" त्यांना मी जे सांगते, तेच इथं लिहिते.

बातमी हातात आली की प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी शोधा. नुसती तक्रार झाली आहे, नोटीस निघाली आहे, तात्पुरती स्थगिती मिळाली आहे की अंतिम निकाल लागला आहे? मग वहीत तीन ओळी लिहा: कोणी कोणाविरुद्ध काय मागितलं, कोर्टानं त्यातलं नेमकं काय ठरवलं, आणि काय न ठरवता सोडलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि बातमीत बहुतेक वेळा तीच नसते.

आपल्या चपलेचंच घ्या. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि इथं संताप उसळला. त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये फेटाळली. अनेकांनी त्याचा अर्थ घेतला की प्राडाचं काही चुकलं नाही असं कोर्ट म्हणालं. तसं झालेलं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागाची खास वस्तू म्हणून नोंदणी) मिळालं, ते महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर या दोन महामंडळांच्या नावावर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. याचिका करणारे वकील होते, मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. ज्यांचा हक्क आहे त्यांनी दाद मागावी, असा कोर्टाचा मुद्दा होता. म्हणजे चप्पल बनवणाऱ्या कारागिराचा मूळ प्रश्न कोर्टानं तपासलाच नव्हता, तो मोकळाच राहिला. सुभाषनगरात चामडं कापणाऱ्या माणसाला "आपण हरलो" असं सांगणं आणि "अजून दार उघडं आहे" असं सांगणं, यात केवढा फरक आहे! म्हणून फेटाळल्याची बातमी आली की कारण वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. मुदत संपली होती, अधिकार नव्हता, चुकीच्या कोर्टात गेले होते, की खरोखर म्हणणं ऐकून अमान्य केलं?

सुनावणीत न्यायमूर्ती काय बोलले, याच्या बातम्या वेगळ्या ठेवा. न्यायाधीश वकिलांना प्रश्न विचारतात, टोकतात, कधी रागावतातही. युक्तिवाद तपासून बघण्याची ती रीत आहे. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निवडणूक आयोगाविषयीच्या कडक तोंडी शेऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. माध्यमांना असे शेरे छापता येतात, पण ते न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भाग नसतात, हे तिथं स्पष्ट झालं. माझ्या वहीत अशा बातमीपुढं मी फक्त 'तोंडी' असं लिहिते.

कायदा संसदेत मंजूर झाला म्हणजे लगेच लागू झाला, असंही धरू नका. चार कामगार संहितांपैकी वेतन संहिता २०१९ मध्ये आणि बाकीच्या तीन २०२० मध्ये मंजूर झाल्या, अंमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली कितीतरी वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीतला किंवा इचलकरंजीच्या मागावरचा कामगार जुन्याच कायद्याखाली होता. राजपत्रातली अधिसूचना आणि तिच्यातली तारीख बघा, नियम निघालेत का ते बघा.

फौजदारी बातम्यांत कलमांचा गोंधळ होतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, खुनाची शिक्षा तिच्यात कलम १०३ मध्ये आहे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागतं.

अटकेच्या बातमीपाशी जरा जास्त थांबा, ही माझी कळकळीची विनंती. एफआयआर म्हणजे एका बाजूचं म्हणणं, पोलिसांनी लिहून घेतलेलं. आपलं गाव तसं लहान, आडनाव छापलं की गल्ली कळते, आणि त्या माणसाची मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत जायची असतात. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. तसंच जामीन नाकारला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असंही नाही. अटकेचं कात्रण ठेवलंत, तर त्याच प्रकरणाच्या निकालासाठी शेजारी जागा सोडा. निर्दोष सुटकेची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, ती शोधावी लागते.

शंका राहिली तर मूळ आदेश वाचा, ते वाटतं तेवढं अवघड नाही. खालच्या कोर्टातल्या प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि बहुतेक वेळा आदेशही दिसतो. उच्च न्यायालयाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं शोधताना मुंबईऐवजी कोल्हापूरचं बेंच निवडा. आदेश उघडला की शेवटचं पान आधी वाचा, प्रत्यक्ष हुकूम तिथं असतो. मग मागं येऊन कारणं वाचा, आणि पुढची तारीख वहीत टिपून ठेवा.