मृग बहार धरण्याआधी बागेचा कारभार ठरवून घ्या

चिकमंगळूर फिरून आलेला एक पोरगा परवा विचारत होता, "आपल्या सांगोल्यात कॉफी येईल का हो?" नाही येणार. कॉफीला डोक्यावर सावली लागते, आम्लधर्मी माती लागते आणि आपल्या तिप्पट पाऊस लागतो. आपली जमीन चुनखडीची, पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. डाळिंबच बरं. पण तिथली एक गोष्ट त्यानं बरोबर हेरली होती. तिथं आजोबांनी लावलेल्या झाडाची फळं नातू तोडतो. आपल्याकडे तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग), मर (झाड वाळवणारा रोग) आणि खोडकिड्यातून वाचलेली बाग पंधरा-वीस वर्षं टिकली तरी पुष्कळ. पोराच्या हाती झाडं जात नाहीतच. जाते ती माती, पाणी आणि तात्यांच्या, म्हणजे घरातल्या जाणत्या माणसाच्या, डोक्यात जे काही आहे ते.

ते उतरवून घ्यायला मे महिना सोयीचा. पोरं सुट्टीला गावी, लेकी माहेरी, आणि मृग बहारवाल्यांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर फुलं धरणाऱ्यांच्या, बागा ताणावर, पाणी तोडलेल्या.

एक दिवस सकाळी सातच्या आत तात्यांबरोबर बागेत ओळीओळीनं फिरा, हातात वही घेऊन. कुठल्या ओळीत तेल्या आधी दिसतो, कुठं पाणी साचतं, कोणती बोअर कधी आटते, पाइपलाइन कुठून गेलीय, सगळं लिहा. आमचे वडील गेले तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह कुठं पुरलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन दिवस खणत होतो, वर ऊन बेचाळीसचं. शेवटी तो शेणखताच्या ढिगाखाली सापडला.

पानगळीवरून घरोघरी वाद होतो. पोरगा मोबाईलवर बघून इथ्रेलचा (पानं गाळायच्या औषधाचा) पूर्ण डोस मारायला निघतो, तात्या म्हणतात थांब. इथं तात्यांचं ऐका. ताणानं निम्मी पानं आपसूक पिवळी पडली असतील तर मात्रा कमी करा, नाहीतर काड्या वाळतात. फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मात्रा किती, ते सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीत बघा. झाड पोसलेलं नसेल, काडी पेन्सिलीएवढी झाली नसेल, तर यंदा बहार धरूच नका. मागचं फळ उतरल्यावर तीन-चार महिने विश्रांती मिळालेली नसेल तरी हेच. पैशाची नड असतेच, पण थकलेल्या झाडावर बहार धरला की पुढचे दोन हंगाम जातात.

छाटणीचं मात्र पोराचं ऐका. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची. "आम्ही काय कात्र्या धुवत बसलो होतो का?" असं जुनी माणसं म्हणतात, पण तेव्हा तेल्याही एवढा नव्हता. छाटणी झाली की एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना.

बाग काढून नवी लावणार असाल तर खड्डे आत्ताच खणा आणि पावसापर्यंत उन्हात तापू द्या. मेलेल्या झाडाची फांदी आडवी कापून बघा. आत तपकिरी-करडा डाग दिसला तर ती मर असू शकते. तो खड्डा पुन्हा वापरू नका. आणि स्वतःच्या तेल्याच्या बागेतली गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) तर अजिबात नको, फुकट असली तरी.

आता कागद. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आणि विजेचं बिलही त्यांच्याच नावाचं, असं अर्ध्या गावात आहे. ठिबकचं अनुदान किंवा पीक विमा घ्यायची वेळ आली की तलाठ्याकडं धावपळ सुरू होते. वारस नोंद आधी करून घ्या. वाटणी करायची तर जमिनीबरोबर विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळीही लिहून घ्या. तोंडी ठरलेली पाळी पहिल्याच दुष्काळात मोडते. २००५ पासून लेकीचा हिस्सा लेकाएवढाच आहे, तेव्हा ती घरी आहे तोवर तिला बसवूनच बोला. तिच्या पाठीमागं हक्कसोडाचा कागद तयार करून ठेवायची चाल सोडा.

सगळा कारभार एकदम पोराच्या हाती देऊ नका, पण त्याला नुसतं पंप चालू-बंद करायलाही ठेवू नका. एका कोपऱ्यातली दोनशे झाडं त्याची. खत, फवारणी, विक्री सगळं त्यानं बघायचं, हिशेबाची वही वेगळी. पोरानं विचारल्याशिवाय तात्यांनी बोलायचं नाही. ही झाडं कुठली, ते मृग लागायच्या आत ठरवा आणि त्या ओळींना चुन्याची खूण करून टाका.