जुनी येझदी घ्यायला जाताय? इंजिनला आधी हात लावा

सोलापुरात येझदीसारखी जुनी मोटरसायकल बघायची तर सकाळी साडेसहाला जायचं. मे महिन्यात दहा वाजता उभी गाडीसुद्धा तापलेली असते, मग मालकाने आधीच चालू करून ठेवली होती का, ते कळत नाही. मी पोचल्यावर आधी इंजिनला हात लावतो. गरम इंजिन सहज चालू होतं, खोट लपते. म्हणून गरम लागलं तर म्हणतो, "मामा, उद्या येतो, किक मीच मारणार."

येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच. त्यावर हळूहळू भार द्या. दांडा अडला पाहिजे. भसकन खाली गेला तर पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो त्या बोअरचं काम निघालं समजा. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, सुरुवातीला धूर येणारच. पण दहा मिनिटं पळवल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) सील गेलेलं असू शकतं, गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. त्यासाठी इंजिन खोलावंच लागतं.

रंगाला भुलू नका. माझ्या येझदी रोडकिंगची टाकी आरशासारखी चकाकत होती. तुळजापूरला निघालो आणि तामलवाडीच्या अलीकडेच बंद पडली. कार्बोरेटर उघडला तर तळाशी टाकीतल्या गंजाचा विटकरी गाळ, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट बुजलेला. तेव्हापासून टाकीत मोबाईलचा टॉर्च मारून बघितल्याशिवाय भावाचं बोलत नाही.

कागद मात्र सगळ्यात महत्त्वाचे. चेसिस नंबर बोटाने चाचपून आरसीशी एकेक आकडा जुळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती मुदत बघा. कागद नसतील तर गाडी कितीही गोड वाजू दे, परत फिरा.