आईला मेंदूचा टीबी झालाय, डिस्चार्ज मिळाला, आता घरी काय करायचं?

डिस्चार्ज मिळाला की सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे, पण टीबी मेनिन्जायटीसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीमध्ये, खरी ड्युटी घरी आल्यावर लागते. माझी आई यातून गेलीये म्हणून लिहितेय, डॉक्टरांनी तुमच्या पेशंटला वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थातच तेच ऐका.

आधी गोळ्या. फुप्फुसाच्या टीबीला साधारण ६ महिने लागतात, मेंदूच्या टीबीला एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) बहुतेक वेळा ९ ते १२ महिने चालते, आणि मधेच पेशंट जरा हिंडाफिरायला लागला की घरातलंच कोणीतरी म्हणणार, अगं एवढ्या गरम गोळ्या कशाला आता, बंद कर. बिलकुल ऐकायचं नाही! डॉक्टरांनी दिलेली वेळ पाळायची आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, कारण 'घेतली की मघाशी' हे ती खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटत असतं. लघवी केशरी होईल, ती त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे, त्याला घाबरू नका. पण जेवणावरची वासना उडाली, सारख्या उलट्या होतायत, डोळे पिवळे दिसतायत तर लिव्हरवर आलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. त्यातलंच एथम्ब्युटॉल हे औषध चालू असेल तर टीव्हीवरची अक्षरं पुसट दिसतात का, लाल-हिरव्यात गोंधळ होतो का हे अधूनमधून विचारत राहा. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही, ते हळूहळूच कमी करतात, आणि त्याने शुगर वाढू शकते. बीपी-शुगरच्या डॉक्टरांना एकेटी चालू आहे हे आधी सांगा, रिफाम्पिसिनमुळे बऱ्याच गोळ्यांचा असर कमी होतो. आणि शेजारच्या काकूंचा काढा काकूंनाच पिऊ दे.

डोकेदुखी परत वाढली, फिट आली, उलट्यांसोबत गुंगी आली किंवा अचानक असंबद्ध बोलायला लागली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं.

आता भेटायला येणारे. प्रत्येकजण आल्या आल्या विचारतो, ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण? अहो ती काय तोंडी परीक्षा आहे का! आईचा चेहरा कसा पडतो ते बघवत नाही. त्यापेक्षा दारातूनच आपण म्हणायचं, 'आई, नागपूरची मावशी आलीये गं', झालं, गप्पा आपोआप सुरू होतात. समोर मोठी तारीख-वाराची पाटी लावा, संध्याकाळी गोंधळ जास्त होतो म्हणून दिवे लवकर लावा. चिडेल, नको ते बोलेल, तो आजार बोलतोय असं समजून वाद घालू नका.

फिजिओथेरपी तर कराच, पण हाताला रोजचं काम द्या. आमच्याकडे आई वाती वळायची, सुरुवातीला वात मधे जाड आणि टोकाला कापूस तसाच पिंजलेला, बोटं मधेच थांबायची आणि ती नुसती कापसाकडे बघत बसायची, आम्ही कोणी हात लावायचो नाही, मग हळूहळू वाती सरळ यायला लागल्या. लसूण सोलणं, मटार सोलणं, काहीही चालेल.

चहा-पाण्याचा ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला गिळणं तपासायला सांगा, जेवताना ताठ बसवा आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवा, आतली कडी काढून टाका.

ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, नुसता मेंदूचा टीबी एकमेकांना लागत नाही (फुप्फुसातही असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारून घ्या). निक्षयवर (टीबी पेशंटसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी झालीये ना हे बघा, सरकारी गोळ्या फुकट मिळतात आणि पोषण आहाराचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झालेत, ते बँक खात्यात येतात, त्यामुळे आईचं पासबुक शोधून ठेवा.

आणि सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडू देऊ नका. पुण्यातला भाऊ रोज व्हिडीओ कॉल करून नुसतं 'आज कशी आहे' विचारत असेल तर त्याला महिन्यातला एक शनिवार-रविवार लावून द्या, गोळ्यांच्या डब्यासकट.